अमेरिकेतला बंदुकीचा वाद: आकडे, कायदे आणि दावे कसे तपासावेत

अमेरिकेत गोळीबाराची मोठी घटना घडली की चोवीस तासांच्या आत ठरावीक वाक्यं फिरू लागतात. 'तिथे बंदूक भाजीसारखी विकत मिळते.' 'शिकागोत कायदे कडक आहेत, तरी बघा काय चाललंय.' 'रोज दोन सामूहिक गोळीबार होतात.' 'राज्यघटनेनेच हक्क दिलाय, सरकार काय करणार?' प्रत्येक वाक्यात थोडंफार तथ्य आहे, आणि खरा वाद त्यातून जे गळलंय त्यावर आहे. या विषयावर लिहायचं असेल, वर्गात शिकवायचं असेल किंवा वक्तृत्व स्पर्धेत उभं राहायचं असेल, तर बाजू घेण्याआधी प्रत्येक दाव्याला चार प्रश्न विचारा: कोणती बंदूक, कोणता मृत्यू, कोणाचा कायदा आणि तो कधीचा.

आधी बंदूक नक्की करा

पूर्ण स्वयंचलित बंदुकीत घोडा दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात. अर्धस्वयंचलित बंदुकीत एकदा घोडा दाबला की एकच गोळी सुटते. पुढची आपोआप भरली जाते, पण ती सोडायला पुन्हा घोडा दाबावा लागतो. दुकानात विकली जाणारी एआर-१५ रायफल आणि आजची बहुतेक पिस्तुलं या दुसऱ्या प्रकारातली. 'शाळेत मशीनगन घेऊन शिरला' असं लिहिलं की जाणकार वाचक तिथेच वाचणं थांबवतो, आणि त्याचं चुकत नाही.

मशीनगनवर १९३४ च्या कायद्यापासून नोंदणी आणि २०० डॉलरचा कर आहे. त्या काळी ही रक्कम कित्येक बंदुकांच्या किमतीपेक्षा जास्त होती; महागाई वाढली तरी कर तेवढाच राहिला. १९ मे १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेताच येत नाही. त्याआधीच्या, नोंदणी झालेल्या मशीनगन आजही हातबदल होतात, पण त्यांची संख्या वाढू शकत नसल्याने किंमत हजारो डॉलरमध्ये जाते. सायलेन्सर आणि आखूड नळीच्या रायफली याच कायद्याखाली येतात. त्यांच्यावरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, नोंदणी मात्र राहिली.

'असॉल्ट वेपन' हा शब्द दिसला की लगेच विचारा, कोणत्या कायद्याच्या व्याख्येनुसार? १९९४ च्या केंद्रीय बंदीत काही मॉडेलं नावानिशी होती. शिवाय एक चाचणी होती: वेगळं काढता येणारं मॅगझिन (गोळ्या भरायचा डबा) असलेल्या अर्धस्वयंचलित रायफलीला घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावायची खाच, नळीच्या टोकाला ज्वाला झाकणारा भाग आणि ग्रेनेड लाँचर यांपैकी दोन गोष्टी असल्या तर बंदी. उत्पादकांनी काय केलं असेल ते ओळखता येईल. संगीनीची खाच आणि ज्वाला झाकणारा भाग काढला आणि जवळपास तीच रायफल पुन्हा बाजारात आणली. १० पेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनांवरही बंदी होती, पण आधीची लाखो मॅगझिनं कायदेशीरच राहिली. सप्टेंबर २००४ मध्ये मुदत संपली आणि बंदी गेली. म्हणून 'बंदीचा काही उपयोग झाला नाही' आणि 'बंदीने जीव वाचले' ही दोन्ही विधानं जपून घ्यावीत. जी बंदी होती ती मुळातच छिद्रांची होती आणि दहाच वर्षं टिकली.

आता आकडा. एफबीआयच्या २०२० च्या माहितीनुसार बंदुकीने झालेल्या खुनांपैकी ५९ टक्क्यांत पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होतं आणि सर्व प्रकारच्या रायफली मिळून ३ टक्के. बंदूक हक्काचे समर्थक हे ३ टक्के नेहमी पुढे करतात. त्यांनी न सांगितलेली गोष्ट अशी की ३६ टक्के प्रकरणांत बंदूक इतर प्रकारची होती किंवा तिचा प्रकार नोंदलेलाच नव्हता. समोरची बाजू न्यूटाउन, लास व्हेगास, पार्कलँड, उवाल्डी ही नावं घेते, आणि या चारही ठिकाणी एआर पद्धतीच्या रायफली होत्या हे खरंच आहे. रोजच्या खुनांचं हत्यार आणि सर्वांत मोठ्या हत्याकांडांचं हत्यार वेगळं आहे. एकाचा आकडा दुसऱ्याच्या तोंडावर फेकायचा नाही.

मग मृत्यू वेगळे करा

इथे सर्वांत जास्त गफलत होते. सीडीसी या आरोग्य संस्थेच्या नोंदींनुसार २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसं मेली. बातमीत बहुधा एवढंच येतं आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर रस्त्यावरचा गोळीबार उभा राहतो. फोड अशी करा: २७,३०० आत्महत्या, १७,९२७ खून. म्हणजे ५८ टक्के आणि ३८ टक्के. उरलेल्यांत अपघात, पोलिसांच्या गोळीने झालेले मृत्यू आणि कारण न ठरलेले मृत्यू.

ही फोड केली की उपायांची चर्चाच बदलते. बंदुकीने केलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नांतले दहापैकी जवळपास नऊ प्राणघातक ठरतात; इतर बहुतेक मार्गांत बरेच लोक वाचतात. त्यामुळे खरेदीनंतर काही दिवस थांबायला लावणं, घरात बंदूक कुलपात ठेवणं, संकटातल्या माणसाची बंदूक न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेणं, हे उपाय मुख्यतः या ५८ टक्क्यांशी भिडतात. रायफलबंदीचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. एखाद्या नेत्याने एकूण आकडा सांगून लगेच रायफलबंदी मागितली, तर त्या दोन वाक्यांच्या मधली जागा रिकामी आहे.

राज्यांची तुलना करताना एकूण संख्या घेऊ नका, दर लाख लोकसंख्येमागचा दर घ्या. २०२१ मध्ये मिसिसिपीत तो ३३.९ होता, मॅसॅच्युसेट्समध्ये ३.४. मोठ्या राज्यात मृत्यू जास्त असणारच. आणि दर काढल्यावर पुन्हा आत्महत्या आणि खून वेगळे करा: वायोमिंगसारख्या विरळ वस्तीच्या राज्याचा दर वर जातो तो आत्महत्यांमुळे, लुइझियानात खुनांचा वाटा मोठा.

सामूहिक गोळीबाराच्या मोजणीत तर एकाच वर्षाचे आकडे दहापट वेगळे निघतात. गन व्हायोलन्स अर्काइव्ह ही संस्था हल्लेखोर सोडून चार किंवा जास्त जणांना गोळी लागली की घटना मोजते, मग कुणी मेलं नसलं तरी. टोळ्यांची भांडणं, लग्नाच्या पार्टीत झालेला गोळीबार, सगळं त्यात येतं. २०२१ साठी त्यांची संख्या सातशेच्या आसपास आहे. एफबीआयची यादी गर्दीच्या जागी लोकांना मारत सुटलेल्या हल्लेखोराच्या घटनांची; त्याच वर्षी ६१. २०१३ च्या एका केंद्रीय कायद्यात सामूहिक हत्येची व्याख्या तीन किंवा जास्त मृत्यू अशी आहे. 'रोज दोन' हे वाक्य पहिल्या यादीवरून येतं आणि त्याखाली चित्र लावलं जातं दुसऱ्या यादीतल्या घटनेचं.

'मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक' या दाव्यात वयोगट तपासा. मूळ अभ्यास बहुधा १ ते १९ वर्षांचा असतो: त्यात १८ आणि १९ वर्षांचे तरुण येतात, वर्षाखालची बाळं येत नाहीत. १ ते १७ घेतलं तरी २०२० नंतरच्या वर्षांत बंदूक वरच राहते, पण मृतांची संख्या बरीच खाली येते. दावा खोटा नाही. वयोगट न सांगता केला तर समोरचा त्यावरच बोट ठेवतो, आणि चर्चा तिथेच अडकते.

दुकानात नेमकं काय होतं

'भाजीसारखी मिळते' याचं उत्तर दुकानाच्या काउंटरवर आहे. परवानाधारक विक्रेत्याकडून बंदूक घेताना क्रम असा. गिऱ्हाईक सध्याचा पत्ता असलेलं सरकारी छायाचित्र ओळखपत्र देतं आणि ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरतं. त्यात प्रश्न असतात: बंदूक खरोखर तुम्ही स्वतःसाठी घेताय का? एका वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलात का? घरगुती हिंसेची शिक्षा किंवा संरक्षण आदेश आहे का? मनोरुग्ण म्हणून न्यायालयाने दाखल केलं होतं का? अमली पदार्थ घेता का? या शेवटच्या प्रश्नात गांजाही धरला जातो, आणि राज्यात गांजा कायदेशीर असला तरी केंद्राच्या लेखी नाही, असा इशारा फॉर्मवरच छापलेला असतो. नागरिकत्वाचाही प्रश्न आहे. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्याला बंदूक घ्यायला मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असणं हा त्यातला नेहमीचा अपवाद. ग्रीन कार्डधारकाला ही अडचण नाही.

मग विक्रेता फोनवर किंवा संगणकावर एफबीआयच्या निक्स या पार्श्वभूमी तपासणाऱ्या यंत्रणेला नाव कळवतो. काही राज्यांत हे काम राज्याचीच यंत्रणा करते. तीन नोंदसंच चाळले जातात आणि उत्तर तीनपैकी एक येतं: द्या, थांबा, देऊ नका. बहुतेक उत्तरं मिनिटांत येतात. ज्याच्याबाबत 'थांबा' आलं, त्याच्याविषयी कामाचे तीन दिवस उलटूनही निर्णय आला नाही तर केंद्रीय कायद्यानुसार विक्रेता बंदूक देऊ शकतो. दिलीच पाहिजे असं नाही. २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला बंदूक अशीच मिळाली. अमली पदार्थांच्या प्रकरणातली त्याची नोंद तपासणाऱ्याला मुदतीत सापडली नाही. २०२२ च्या कायद्याने २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकाबाबत अल्पवयातली आक्षेपार्ह नोंद असण्याची शक्यता दिसली, तर ही मुदत कामाच्या १० दिवसांपर्यंत वाढवली.

तपासणी तिच्यात भरलेल्या नोंदींइतकीच चांगली. २०१७ मध्ये टेक्सासच्या सदरलँड स्प्रिंग्ज इथल्या हल्लेखोराला हवाई दलाच्या न्यायालयाने घरगुती हिंसेबद्दल दोषी ठरवलं होतं, पण ती नोंद पुढे गेलीच नव्हती. 'नवे कायदे नकोत, आहेत ते राबवा' या युक्तिवादाला सर्वांत भक्कम आधार अशाच प्रकरणांचा आहे, आणि नियंत्रणवाद्यांनी तो उडवून लावण्यात शहाणपण नाही.

खासगी विक्रीला हे काहीच लागू नाही. एकाच राज्यात राहणारे दोन सामान्य नागरिक आपापसात बंदूक विकत असतील तर केंद्रीय कायदा तपासणी मागत नाही. काही राज्यं मागतात, उदाहरणार्थ कॅलिफोर्निया. याला 'गन शोची पळवाट' म्हणतात, पण तसं म्हटल्याने घोटाळा होतो. प्रदर्शनात टेबल मांडलेला परवानाधारक विक्रेताही तपासणी करतोच. सवलत जागेला नाही, बिगरपरवाना विक्रेत्याला आहे, मग तो प्रदर्शनात असो की पार्किंगमध्ये.

आणखी एक हमखास चूक: निक्सच्या तपासण्या म्हणजे विकलेल्या बंदुका असं समजणं. २०२० मध्ये तपासण्या झाल्या सुमारे ३ कोटी ९७ लाख. त्यात परवान्यांच्या तपासण्या येतात. केंटकीसारखं राज्य जवळ बंदूक बाळगण्याचा परवाना असलेल्यांची दर महिन्याला फेरतपासणी करतं, त्यामुळे त्याची संख्या फुगलेली दिसते. उलट एका तपासणीवर दोन बंदुकाही घेता येतात.

गुन्ह्यातली बंदूक शोधतात कशी

मालिकांमध्ये पोलीस बंदुकीचा नंबर टाकतात आणि पडद्यावर मालकाचा चेहरा येतो. प्रत्यक्षात १९८६ च्या कायद्याने केंद्राला बंदूकमालकांची नोंदवही ठेवायला मनाई केली आहे. त्यामुळे बंदुकांचे केंद्रीय कायदे राबवणाऱ्या एटीएफ या संस्थेच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग केंद्रातले कर्मचारी आधी उत्पादकाला विचारतात, तो घाऊक व्यापारी सांगतो, तो दुकानदार सांगतो, आणि दुकानदार फाइलमधला तो ४४७३ चा कागद शोधतो. बंद पडलेल्या दुकानांचे कागद या केंद्रात येऊन पडतात. ते स्कॅन होतात, पण नावावरून शोधता येतील अशा रीतीने ठेवायचे नाहीत. माणसाला पानं उलटल्यासारखी एकेक प्रतिमा बघावी लागते.

हे मागासलेपण नाही, मुद्दाम केलेली रचना आहे. नोंदवही असेल तर उद्या जप्तीही होईल, ही हक्कवाद्यांची भीती या वादाच्या मुळाशी आहे. ती समजून न घेता 'साधी नोंदणी करायला काय हरकत आहे' असं विचारणाऱ्याला वाद कळलेलाच नाही. शोध पहिल्या किरकोळ गिऱ्हाइकापाशी संपतो. पुढे बंदूक चोरीला गेली की तीनदा विकली गेली, हे कागद सांगत नाही.

शिकागोचा मुद्दा इथे तपासा. तिथल्या गुन्ह्यांत सापडलेल्या बंदुकांच्या शोधात निम्म्याहून जास्त इलिनॉयबाहेरच्या निघाल्या, आणि बाहेरच्या राज्यांत शेजारचं इंडियाना पहिलं. म्हणजे 'कडक कायदे निरुपयोगी' असं जसं थेट म्हणता येत नाही, तसंच एका शहराच्या कायद्याने प्रश्न सुटेल असंही नाही.

निकाल वाचताना

दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची, इंग्रजीत अवघ्या २७ शब्दांची. तिच्या सुरुवातीला सुनियंत्रित नागरी सैन्याचा उल्लेख आहे आणि पुढे लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा. हा हक्क व्यक्तीचा की त्या सैन्यापुरता, यावर सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं: व्यक्तीचा, स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवण्याचा. त्याच निकालात न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी गुन्हेगारांवरची मनाई, शाळांसारख्या संवेदनशील जागा आणि विक्रीवरच्या अटी यांना या निकालाने धक्का लागत नाही असंही लिहिलं. दोन्ही बाजू आपापला अर्धा भाग उद्धृत करतात. २०१० च्या मॅकडोनल्ड निकालाने हा हक्क राज्यांनाही बंधनकारक केला.

२०२२ चा ब्रुएन निकाल मोठा आहे. न्यूयॉर्कमध्ये जवळ बंदूक बाळगायला 'विशेष कारण' दाखवावं लागे. ती अट गेली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कसोटी बदलली. आता सरकारला दाखवावं लागतं की असं बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतं. कायद्याने किती जीव वाचतात हा युक्तिवाद न्यायालयात चालेनासा झाला. वकील अठराव्या शतकातले कायदे शोधू लागले आणि खालच्या न्यायालयांचे निकाल चहूदिशांना गेले. २०२४ च्या रहीमी निकालाने ८ विरुद्ध १ मतांनी थोडं सावरलं: जुना कायदा हुबेहूब सापडायला नको, तत्त्व जुळलं तरी पुरे. घरगुती हिंसेच्या आदेशाखालच्या माणसाकडून बंदूक काढून घेणं वैध ठरलं.

निकालाची बातमी आली की आधी पाहा की तो घटनेच्या आधारावर आहे की एखाद्या कायद्याच्या शब्दार्थावर. २०२४ मध्ये बंप स्टॉकवरची, म्हणजे अर्धस्वयंचलित रायफलीतून भराभर गोळ्या झाडू देणाऱ्या दस्त्यावरची, बंदी ६ विरुद्ध ३ मतांनी गेली तेव्हा 'बंप स्टॉक हा घटनात्मक हक्क' असे मथळे काहींनी केले. निकालात तसं काही नव्हतं. बंप स्टॉक लावलेली रायफल १९३४ च्या व्याख्येतली मशीनगन ठरत नाही, म्हणून एटीएफला नियमाने बंदी घालता येत नाही, एवढंच. काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, आजही कायदा करता येतो. उलट २०२५ मध्ये सुटे भाग जोडून बनवायच्या, क्रमांक नसलेल्या बंदुकांवरचा एटीएफचा नियम ७ विरुद्ध २ मतांनी टिकला. मग पाहा न्यायालय कोणतं आणि निकालाला स्थगिती आहे का. जिल्हा न्यायालयाने कॅलिफोर्नियाचा कायदा रद्द केला आणि वरच्या न्यायालयाने काही दिवसांत थांबवलं, असं वारंवार झालं आहे. पहिल्या दिवशीची बातमी तेवढी लक्षात राहते.

राज्यांत फरक प्रचंड आहे. २९ राज्यांत प्रौढाला परवान्याशिवाय झाकून बंदूक बाळगता येते. चाळीसहून जास्त राज्यांनी शहरांना स्वतःचे बंदूक कायदे करण्यापासून रोखलं आहे, त्यामुळे 'महापौर काय करतोय' हा प्रश्न बहुतेक ठिकाणी चुकीच्या माणसाला विचारला जातो.

स्वसंरक्षणाचा आकडा

वर्षाला २५ लाख वेळा अमेरिकन माणूस बंदुकीने स्वतःचा बचाव करतो, असं वाचाल. हा आकडा १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे पाच हजार लोकांच्या दूरध्वनी पाहणीतून आला. केंद्र सरकारच्या गुन्हेपीडित पाहणीतून मात्र वर्षाला ६० हजार ते एक लाखाच्या घरातला आकडा निघतो. हिशेब करून बघा: तेव्हा प्रौढ सुमारे १९ कोटी. पाच हजारांतल्या पन्नास जणांनी जुनी घटना याच वर्षाची म्हणून सांगितली किंवा बढाई मारली, तरी देशभरात १९ लाख घटना तयार होतात. दुर्मीळ गोष्ट पाहणीने मोजताना छोटी चूक अशी फुगते. सरकारी पाहणीत उलटी उणीव आहे: आधी गुन्हा घडल्याचं सांगणाऱ्यालाच पुढचा प्रश्न विचारतात, त्यामुळे गुन्हा टळलेल्यांच्या काही घटना सुटतात. खरा आकडा कुठेतरी मधे, बहुधा खालच्या टोकाकडे.

संशोधन एवढं विरळ का, याचं एक कारण १९९६ ची डिकी दुरुस्ती. सीडीसीने बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करण्यासाठी पैसा वापरू नये एवढंच तिच्यात होतं, पण निधीही कापला गेला आणि संस्थेने विषयच सोडला. २०२० च्या अर्थसंकल्पात या संशोधनाला पुन्हा २.५ कोटी डॉलर मिळाले, सीडीसी आणि एनआयएच या दोन सरकारी आरोग्य संस्थांना मिळून. रँड या संशोधन संस्थेने उपलब्ध अभ्यास चाळले तेव्हा मुलांच्या हाती बंदूक लागू नये म्हणून केलेल्या कायद्यांनी तरुणांच्या आत्महत्या घटतात, आणि माघार न घेता गोळी झाडायची मुभा देणाऱ्या कायद्यांनी खून वाढतात, याला चांगला पुरावा सापडला. बऱ्याच गाजलेल्या उपायांबाबत तेवढा पुरावा नाही.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण देताना आकारमान सांगा. तिथे १९९६ नंतर सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेतल्या. अमेरिकेत सामान्य लोकांकडे २०१७ च्या अंदाजानुसार ३९.३ कोटी होत्या, माणसांपेक्षा जास्त.

काँग्रेसमध्ये काय अडतं

'नव्वद टक्के लोकांना तपासणी हवी, मग कायदा का होत नाही?' कारण सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरची चर्चा संपवायलाच ६० मतं लागतात. न्यूटाउनच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०१३ मध्ये तपासणीची व्याप्ती वाढवणाऱ्या मँचिन-टूमी प्रस्तावाला ५४ मतं पडली, विरोधात ४६, आणि प्रस्ताव पडला. शिवाय पाहणीत 'हो' म्हणणारे सगळे त्या मुद्द्यावरून आपलं मतदान बदलत नाहीत. १८७१ मध्ये स्थापन झालेल्या एनआरए या बंदूक हक्कवाद्यांच्या संघटनेची ताकद देणग्यांपेक्षा एकाच मुद्द्यावर मतदान करणाऱ्या सदस्यांत राहिली आहे.

प्रत्येक बातमीत विधेयकाचा क्रमांक आणि सभागृह शोधा. सर्व विक्रीला तपासणी लावणारं एच.आर. ८ हे विधेयक प्रतिनिधीगृहाने २०१९ मध्ये मंजूर केलं, २०२१ मध्ये पुन्हा केलं, आणि दोन्ही वेळा सिनेटमध्ये त्यावर मतदान झालंच नाही. दर दोन वर्षांनी, विषम वर्षाच्या जानेवारीत नवी काँग्रेस बसते आणि अडकलेली सगळी विधेयकं निकालात निघतात. तीच विधेयकं नव्याने मांडावी लागतात. 'अमेरिकेत बंदूक तपासणीचा कायदा मंजूर' अशी बातमी दिसली तर दोन्ही सभागृहांच्या मतांचे आकडे आणि अध्यक्षांच्या सहीची तारीख मागा. २१ वर्षांखालच्यांच्या तपासणीची मुदत वाढवणाऱ्या २०२२ च्या कायद्याबाबत ही तिन्ही उत्तरं मिळतात: सिनेट ६५ विरुद्ध ३३, प्रतिनिधीगृह २३४ विरुद्ध १९३, सही २५ जून.